शेतीच्या प्राचीन व मध्ययुगीन खुणा, भूदृश्यातील

शेतीच्या प्राचीन व मध्ययुगीन खुणा, भूदृश्यातील : नांगरणी, पाणीपुरवठा, बांधबंदिस्ती आणि जमिनीची वाटणी यांमुळे पूर्वीच्या काळी भूपृष्ठावर उमटलेले आणि आजही ओळखता येणारे आकार. नांगराचे तास, शेतांचे बांध, उतारावरील ताली, पाट, बंधारे, तलावांच्या पाळी, गावशिवेचे दगड आणि शेतांची जुनी नावे यांचा त्यांत समावेश होतो. देवळे, लेणी, किल्ले व नाणी यांवरून राजसत्ता, धर्म आणि व्यापार यांची माहिती मिळते. परंतु ज्याच्या श्रमावर हे सर्व उभे होते, त्या शेतकऱ्याचे नाव लेखांत क्वचितच येते. त्याचे काम पाहावयाचे, तर ते जमिनीवरच पाहावे लागते. प्रस्तुत नोंदीत या खुणांचे स्वरूप व त्या शोधण्याच्या पद्धती सांगून मुख्यतः पश्चिम भारतातील, विशेषतः महाराष्ट्र व गोव्यातील अवशेषांचा परामर्श घेतला आहे.

खुणा टिकण्याची कारणे : शेत ही दर वर्षी मोडली व पुन्हा केली जाणारी रचना आहे. नव्या नांगरटीने जुनी नांगरट पुसली जाते. त्यामुळे शेतीची खूण टिकण्याचे दोनच मार्ग संभवतात. शेत एकाएकी सोडून दिले गेले आणि ते गाळाखाली, मातीखाली किंवा गवताखाली झाकले गेले, हा एक मार्ग. शेताची व पाण्याची मूळ आखणी पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त करून वापरात राहिली, हा दुसरा. पहिल्या प्रकारची खूण मृत असते व उत्खननाने किंवा हवाई छायाचित्राने उजेडात येते. दुसऱ्या प्रकारची खूण जिवंत असते. ती पाहण्यासाठी खणावे लागत नाही, परंतु ती नित्याच्या वापरातली असल्यामुळेच प्राचीन म्हणून सहसा लक्षात येत नाही. यूरोपात पहिल्या प्रकारचे अवशेष विपुल आहेत, तर महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकारचे अधिक आहेत. त्यांच्या रक्षणाचा प्रश्नही त्यामुळे निराळा ठरतो.

अभ्यासपद्धती : या विषयाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम इंग्लंडमध्ये सुरू झाला. पहिल्या महायुद्धात विकसित झालेल्या हवाई छायाचित्रणाचा उपयोग ओ. जी. एस. क्रॉफर्ड या पुरातत्त्वज्ञाने १९२० नंतरच्या दशकात जुनी शेते शोधण्यासाठी केला. त्याचा व अलेक्झांडर केलर यांचा दक्षिण इंग्लंडच्या हवाई पाहणीवरील ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. सकाळी व सायंकाळी सूर्य क्षितिजालगत असताना जमिनीवरील लहानसा उंचवटाही लांब सावली टाकतो. या सावल्यांवरून बुजलेले बांध दिसून येतात (छायाखुणा). पुरलेल्या चराच्या जागी माती खोल व ओलसर असते, म्हणून त्यावरील पीक उंच व हिरवे वाढते. पुरलेल्या भिंतीवर ते खुरटे व पिवळसर राहते (पीकखुणा). नुकत्याच नांगरलेल्या जमिनीत मातीच्या रंगातील फरकही असाच बोलका असतो (मृदाखुणा). मध्य इंग्लंडमध्ये मध्ययुगीन सरी-वरंब्यांचे पट्टे अनेक ठिकाणी कुरणांखाली जसेच्या तसे आढळतात. लोकसंख्या घटल्यामुळे किंवा मेंढपाळी अधिक किफायतशीर ठरल्यामुळे ती शेते पुढे नांगरलीच गेली नाहीत. गवताने त्यांना झाकले व जपले. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स याने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने इंग्लंडचे सबंध भूदृश्य हाच एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे, हा विचार रूढ केला.

हवाई पाहणीच्या जोडीला परागकणांचे विश्लेषण, जळालेल्या धान्याचा अभ्यास, वनस्पतींतील सिलिकाकणांचे निरीक्षण, मातीची रासायनिक तपासणी आणि उपग्रहांनी घेतलेली छायाचित्रे ही साधने पुढे उपलब्ध झाली. भारतीय परिस्थितीत मात्र यूरोपीय पद्धती जशाच्या तशा लागू पडत नाहीत. येथील सुपीक जमीन दीर्घकाळ सतत कसली गेली आहे आणि मोसमी पावसाने उंचवटे झिजतात. दख्खनच्या काळ्या मातीचा गुणधर्मही अभ्यासकाच्या आड येतो. उन्हाळ्यात या मातीला खोल भेगा पडतात, वरची माती त्यांत उतरते आणि पावसाळ्यात माती फुगून पुन्हा वर येते. या उलथापालथीत नांगराच्या जुन्या तासांचा मागमूस राहत नाही. त्यामुळे येथील शोधाची दिशा शेताच्या पृष्ठभागापेक्षा त्याच्या कडांकडे, म्हणजे पाणी, बांध, शीव आणि नाव यांच्याकडे वळवावी लागते.

पुरलेली शेते व पाट : पहिल्या प्रकारच्या खुणेचे भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण राजस्थानातील कालिबंगा (हनुमानगढ जिल्हा) येथे मिळाले. घग्गर नदीच्या कोरड्या पात्राकाठच्या या स्थळाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यातर्फे ब्रजबासी लाल व बी. के. थापर यांच्या नेतृत्वाखाली १९६०–६९ या काळात झाले. तेथील आद्य हडप्पाकालीन वस्तीच्या आग्नेयीस, तटबंदीच्या बाहेर, नांगरलेले एक शेत उघडकीस आले. त्याचा काळ सु. इ. स. पू. २८०० मानला जातो. या शेतात तासांचे दोन संच परस्परांना काटकोनात छेदतात. पूर्व-पश्चिम तासांमधील अंतर सु. ३० सेंमी., तर दक्षिणोत्तर तासांमधील अंतर सु. १.९० मी. आहे. उत्खननाच्या काळी त्या परिसरातील शेतकरी याच पद्धतीने एका शेतात दोन पिके घेत असल्याचे उत्खनकांना आढळले. जवळजवळच्या तासांत कडधान्य व दूरदूरच्या तासांत मोहरी पेरली जाई, म्हणजे उंच वाढणाऱ्या मोहरीची सावली कडधान्यावर फार पडत नसे. साडेचार हजार वर्षांहून जुन्या तासांचा अर्थ अशा रीतीने शेजारच्या चालू शेतावरून लागला. मृत खूण वाचण्यासाठी जिवंत खुणेची गरज पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय. उत्खननानंतर हे शेत संरक्षणासाठी पुन्हा मातीने बुजविण्यात आले. हडप्पा संस्कृतीतील नांगराचा आकार हरयाणातील बनावली येथे सापडलेल्या मातीच्या प्रतिकृतीवरून कळतो.

महाराष्ट्रात नांगराचे इतके जुने तास मिळालेले नाहीत. परंतु शेतीसाठी पाणी वळविल्याचा प्राचीन पुरावा मिळाला आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव (शिरूर तालुका) हे घोड नदीच्या काठावरील ताम्रपाषाणयुगीन खेडे होय. डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात त्याचे उत्खनन केले. सु. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळात येथे माळवा, आद्य जोर्वे व उत्तर जोर्वे अशा तीन अवस्थांतून वस्ती नांदली. आद्य जोर्वे काळात (सु. इ. स. पू. १४००–१०००) वस्तीच्या कडेला दगडमातीचा भक्कम बांध घालून व त्यालगत पाट खोदून पुराचे पाणी वळविले होते. सातू (जव) हे तेथील मुख्य पीक होते. गहू, मसूर, वाटाणा इ. धान्येही पिकत. एवढा बांध व पाट एखाद्या कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हे. गावाने एकत्र येऊन श्रम करणे व कोणीतरी त्यांचे नियोजन करणे त्यासाठी आवश्यक होते. याच काळातील पाच खोल्यांचे एक मोठे घर व त्याच्या शेजारचे धान्यकोठार यांवरून गावाला प्रमुख होता, असे उत्खनकांनी अनुमान केले. उत्तर जोर्वे काळात मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाचे पीक मागे पडले आणि लोक पशुपालन व शिकार यांवर अधिक अवलंबून राहू लागले. हवामान अधिक कोरडे झाल्याने ही अवनती ओढवली, असे मत ढवळीकरांनी मांडले आहे. अखेरीस वस्ती उठली आणि पाट गाळाने भरून गेला. तो आज अभ्यासकाला दिसतो, याचे कारण तो वापरणारे तेथे राहिले नाहीत.

पांढरी, काळी आणि शीव : दख्खनच्या खेड्यात गावठाणाच्या जमिनीला ‘पांढरी’ व पिकाऊ जमिनीला ‘काळी’ म्हणतात. शतकानुशतकांच्या वस्तीने साठलेली राख, शेण व घरांची माती यांमुळे गावठाणाची माती पांढुरकी होते. ओसाड पडलेल्या जुन्या गावाचे टेकाडही याच कारणाने पांढरीचे टेकाड म्हणून ओळखले जाते. अशा मातीचे खतमूल्य जाणून शेतकरी ती गाड्या भरून शेतात नेत. त्यामुळे अनेक प्राचीन टेकाडे खचली. तथापि त्यांतील रंगीत खापरे उघडी पडल्याने पुरातत्त्वज्ञांना ती स्थळे सापडलीही.

गाव ओसाड पडून जमीन पडीक होण्याचा एक लेखी दाखला नासिकच्या लेण्यात (लेणे क्र. ३) आढळतो. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपल्या कारकीर्दीच्या अठराव्या वर्षी तेथील भिक्षुसंघाला २०० निवर्तने शेतजमीन दिली होती. ही जमीन पूर्वी उषवदाताकडे होती. चोविसाव्या वर्षीच्या दुसऱ्या लेखात कखडी गावातील पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही व ते गावही वसत नाही, अशी नोंद असून, त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतापैकी १०० निवर्तने देण्याची आज्ञा आहे. नुसते शेत दान करून भागत नाही, ते कसणारा माणूस तेथे राहिला पाहिजे, हे सातवाहनांच्या अधिकाऱ्यांना सहा वर्षांच्या आत उमगलेले या लेखांवरून दिसते.

मध्ययुगात दान दिलेल्या जमिनीच्या शिवेवर दगड उभे करण्याची प्रथा वाढली. कोकणात शिलाहारांच्या काळातील ‘गधेगाळ’ अनेक ठिकाणी आढळतात. वरच्या भागात सूर्यचंद्र, मध्ये लेख आणि खाली दान मोडणाऱ्यास दिलेल्या शापाचे शिल्प अशी त्यांची रचना असते. सूर्यचंद्र असेतोवर दान अबाधित राहावे, हा त्यांचा आशय होय. मूळ जागी उभा असलेला असा दगड हा केवळ शिलालेख नसून हजार वर्षांपूर्वीच्या शेताच्या हद्दीची खूण असते. तो उचलून अन्यत्र ठेवला, की लेख वाचतो, परंतु हद्द नाहीशी होते.

शेतांची नावे हाही असाच एक पुरावा आहे. मराठेकालीन दप्तरांत गावची जमीन ‘थळां’त विभागलेली दिसते व तिच्या नोंदींना ‘थळझाडा’ म्हणत. अनेक थळांना त्यांच्या मूळ धारक घराण्यांची नावे आहेत. ते घराणे गावातून नाहीसे झाले, तरी थळाचे नाव टिकून राहते. मलिक अंबरच्या जमाबंदीपासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या मोजणीपर्यंत अनेक व्यवस्था या जमिनीवर आल्या. नव्या मोजणीने शेतांना क्रमांक दिले. तथापि त्या क्रमांकांच्या कडा पुष्कळदा जुन्या बांधांवरूनच आखल्या गेल्या.

वापरात राहिलेल्या रचना : दुसऱ्या प्रकारच्या खुणांमध्ये खानदेश व नासिक भागातील फड पद्धती महत्त्वाची आहे. पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर दगडचुन्याचे बंधारे घालून पाटाने पाणी काढतात व ते चाऱ्यांतून शेतांना देतात. जादा पाणी सांडव्यावाटे परत नदीत जाते. ही पद्धती तीन-चारशे वर्षे जुनी असल्याचे मानतात. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटिअरमध्ये तेथील नद्यांवरील जुन्या, मोडक्या बंधाऱ्यांचा उल्लेख आढळतो. पाटाखालील जमीन बहुधा तीन किंवा चार फडांत वाटलेली असते. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे व दर वर्षी पिकांचा फेर बदलावयाचा, असा दंडक असतो. प्रत्येक शेतकऱ्याचा शक्यतो प्रत्येक फडात तुकडा असल्यामुळे उसासारख्या अधिक पाण्याच्या पिकाचा लाभ आणि टंचाईचा तोटा हे दोन्ही सर्वांत वाटले जातात. पाणी देण्यास पाटकरी व राखणीस जागले असत, त्यांचा मोबदला शेतकरी पिकातून देत आणि पाटाचा गाळ सर्वांनी मिळून काढावा लागे. जमिनीवर दिसणारी फडांची आखणी ही अशा रीतीने एका सामाजिक कराराची आकृती होय. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि ज्याने-त्याने आपले पीक निवडण्यास प्रारंभ केला, तेव्हा बंधारे उभे असूनही अनेक ठिकाणी फड मोडले.

पूर्व विदर्भात (भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे) अशीच भूमिका तलावांनी बजावली. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यास जमिनीची सवलत मिळे, अशी परंपरा आहे. या कामात कोहळी समाजाने विशेष नैपुण्य मिळविले. जंगलाच्या उतारावरून येणारे पाणी मातीच्या पाळीने अडवून खालच्या धानाच्या बांध्यांना देणारे मोठे तलाव आणि त्यांच्या जोडीच्या लहान ‘बोड्या’ यांनी तेथील भूदृश्य घडविले आहे. मालगुजारीचे हक्क १९५० च्या कायद्याने संपुष्टात आले व तलाव शासनाकडे गेले. सरंजामी हक्क संपणे न्याय्यच होते. परंतु पाळीची डागडुजी व गाळ काढणे यांची जुनी जबाबदारी त्याबरोबर विस्कळीत झाली आणि पुष्कळ तलाव उथळ झाले.

गोव्यातील खाजण शेती हे या प्रकारचे सर्वांत दीर्घायुषी उदाहरण होय. मांडवी, जुवारी इ. नद्यांच्या खाड्यांकाठी भरतीचे खारे पाणी अडवून सु. १८,००० हे. जमीन लागवडीखाली आणलेली आहे. कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन् याच्या बांदोडे येथील ताम्रपटात (सु. सहावे शतक) ‘खज्जण’ जमिनीचा व समुद्राचे पाणी बांधाने अडविण्याचा निर्देश आहे. चिखल, गवताचा पेंढा व जांभा दगड यांनी बाहेरचा बांध घालतात. त्यापुढील खारफुटीमुळे लाटांचा जोर कमी होतो. बांधातील ‘मानस’ म्हणजे लाकडी दारांची झडप. भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटते व ओहोटीला आतील पाणी बाहेर पडू देते. पावसाच्या पहिल्या पाण्याने मातीतील क्षार धुऊन गेल्यावर कोरगूटसारख्या खारे पाणी सोसणाऱ्या भाताची लावणी होते. मानसीजवळील मासेमारीचा हक्क लिलावाने देत व त्या उत्पन्नाचा उपयोग बांधांच्या दुरुस्तीसाठी होई. ही व्यवस्था गावकरी संस्था पाहत असे. पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत तिचे रीतिरिवाज नोंदवून त्यांना मान्यता दिली. कोकणपट्टीत खार जमिनींचे बाहेरचे बांध राखण्याची शिलोत्री पद्धत हा याच परंपरेचा दुसरा आविष्कार होता. गोव्यात १९६४ च्या कूळकायद्यानंतर जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांध झिजले आणि मासळीसाठी मानस अवेळी उघडी ठेवल्याने खारे पाणी शेतांत शिरून काही खाजणे नापीक झाली. बांध एका ठिकाणी फुटला, तरी सबंध खाजण बुडते. त्यामुळे येथे एकट्याची शेती संभवतच नाही.

ऱ्हास व संरक्षण : विसाव्या शतकात या खुणा जितक्या वेगाने पुसल्या गेल्या, तितक्या पूर्वी कधीही गेल्या नसतील. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व एकत्रीकरण करण्याच्या १९४७ च्या कायद्यानुसार अनेक गावांत भूमापन क्रमांकांऐवजी गट आले व जुने बांध मोडले. एकत्रीकरणाचा हेतू शेतकऱ्याच्या हिताचा होता. मात्र बांधांबरोबर शेतांची नावेही दप्तरातून गेली. यांत्रिक सपाटीकरण, जलाशय आणि शहरांची वाढ यांनी उरलेल्या खुणांवर आघात केला. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीचा १९५८ चा कायदा मुख्यतः वास्तू, लेणी व उत्खननस्थळे यांना उपयोगी पडतो. रोज कसल्या जाणाऱ्या शेताला त्याचे कुंपण घालता येत नाही आणि घालणे योग्यही नाही. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यातील खाजणांच्या रक्षणाची स्वतंत्र तरतूद करण्यात आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील १५३० मध्ये बांधलेल्या धामापूर तलावाला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा मिळाला. वापरातील जलरचनांनाही ऐतिहासिक मोल असते, ही जाणीव त्यातून व्यक्त होते.

कालिबंगाचे शेत बुजवून राखता आले, कारण ते मृत होते. फड, तलाव व खाजण यांना हा उपाय लागू पडत नाही. वर्षभर कोणी गाळ काढला नाही किंवा बांध लिंपला नाही, तर त्यांची मोडतोड सुरू होते. म्हणून त्यांचे रक्षण म्हणजे प्रथमतः त्यांची देखभाल करणाऱ्या संस्थांचे रक्षण होय. त्याच्या जोडीला गावोगावच्या थळांची नावे, जुने बांध, पाट व शिवेचे दगड यांची नकाशांसह नोंद होणे निकडीचे आहे. मोडी कागदपत्रे, जुने मोजणी नकाशे आणि वृद्ध शेतकऱ्यांची स्मरणशक्ती ही त्याची साधने आहेत. यांपैकी पहिली दोन दप्तरखान्यांत काही काळ सुरक्षित राहतील. तिसऱ्या साधनाला मात्र तेवढा अवधी नाही.